पदं केंद्रावरची, सराव विशेष शाळेतला

राज्य सरकारने २०२४ साली प्रत्येक केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, एक याप्रमाणे विशेष शिक्षकांच्या ४८६० पदांचा निर्णय घेतला. त्याआधी वर्षानुवर्षं हे काम कंत्राटी माणसं करत होती, तेव्हा निर्णयाचं स्वागतच आहे. मात्र पुढची सगळी चर्चा समायोजन, पगार आणि बदल्या यांतच अडकली. या पदावर उद्या येणारा नवा शिक्षक विद्यापीठातून काय शिकून येतो, हे फारसं कुणी विचारलं नाही. विशेष शिक्षणाचं दोन वर्षांचं बी.एड. ज्या नोकरीसाठी बेतलं गेलं, ती नोकरी आता थोड्याच जणांच्या वाट्याला येते. बाकीच्यांना मिळतं ते काम निराळं आहे. त्याविषयीचे हे मुद्दे.

१. हा अभ्यासक्रम विशेष शाळांच्या गरजेतून उभा राहिला. मुंबईत कर्णबधिरांची शाळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला निघाली. बौद्धिक अक्षम मुलांसाठी जय वकील शाळा १९४४ साली सुरू झाली, वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ साली आली. शाळा एकाच प्रवर्गाची असे, म्हणून शिक्षकही एकाच प्रवर्गाचा घडवला जाई. १९९२च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद आली. तिने शिक्षकांची नोंदणी सक्तीची केली, दर्जा सांभाळला आणि प्रवर्गांची चौकटही पक्की केली. त्या काळी ते बरोबरच होतं. आठ-दहा मुलांचा वर्ग, सगळ्यांची अडचण साधारण एका जातीची, अडलं तर शेजारच्या वर्गात वीस वर्षं मुरलेल्या बाई.

आता केंद्रावरचं चित्र पाहा. जिल्हा परिषदेच्या दहा-बारा शाळा, शिवाय खासगी. एका वाडीवर सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी, दुसऱ्या गावात स्वमग्न मुलगा, तिसरीकडे फळ्यावरचं न दिसणारं पोर, आणि जवळपास प्रत्येक शाळेत चौथीत जाऊनही वाचता न येणारी दोघं-तिघं, ज्यांच्याकडे कसलंही प्रमाणपत्र नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांतल्या एकाची पदवी घेतलेला माणूस या सगळ्यांसाठी एकटा.

म्हणून प्रवर्ग मोडीत काढा असं मी म्हणणार नाही. ब्रेल आठवड्याच्या शिबिरात येत नाही. श्रवणालेख वाचून मुलाला कुठल्या बाजूला बसवायचं हे ठरवायलाही सराव लागतो. सगळ्यातलं थोडंथोडं शिकलेला शिक्षक कुणाच्याच कामाचा नसतो. एक प्रवर्ग पक्का असावा आणि त्याच्या जोडीला आणखी दोन-तीन प्रवर्गांत निदान पहिल्या महिन्याचं काम करता येईल इतकी तयारी असावी. अमुक मुलासाठी कुणाला फोन करायचा, हे कळणंसुद्धा त्या तयारीतच येतं.

२. सराव पाठांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण खरी गफलत तिथे आहे.

पाठ म्हटला की रात्र जागून केलेलं साहित्य आलं: थर्माकोलचा बाजार, लॅमिनेट केलेली चित्रकार्डं, रंगीत कागदाची फळं. सकाळी टाचणावर सही. मागच्या बाकावर निरीक्षक, हातात गुणांचा तक्ता. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, गृहपाठ, हे सगळं पाऊण तासाच्या आत. शाळाही समजूतदार असते. जो मुलगा मध्येच ओरडतो, पळतो, जमिनीवर आडवा होतो, त्याला त्या तासापुरतं दुसऱ्या वर्गात नेऊन बसवलं जातं. पाठ देखणा होतो, पण ज्याला शिकवताना छात्राध्यापकाचा खरा कस लागला असता, तो मुलगा वर्गाबाहेर असतो.

परिषदेच्या आराखड्यात शाळेतला सराव तीन तुकड्यांत विभागला आहे: स्वतःच्या प्रवर्गाची विशेष शाळा, दुसऱ्या प्रवर्गाची विशेष शाळा आणि समावेशित शाळा. कल्पना चांगली आहे, वेळ तोकडा आहे. मुलाची आणि छात्राध्यापकाची ओळख होते न होते तोच तुकडा संपतो. जे मूल नवं माणूस दिसलं की तीन आठवडे तोंडच उघडत नाही, ते चौथ्या आठवड्यात पहिला शब्द बोलतं आणि तोवर बाईंचा निरोपसमारंभ येतो.

नव्या शिक्षकाला जूनमधला शाळेचा पहिला आठवडा पाहायला मिळायला हवा. रडणं, शाळेला नकार, आईचा पाय न सोडणं, दुपारचं जेवण, शौचालय. त्याच मुलांना त्याने दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा भेटायला हवं आणि सुट्टीत ती काय विसरली, काय नव्याने शिकली हे नोंदवायला हवं. यासाठी पाठांची संख्या निम्मी करावी लागली तरी करा.

३. वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे सगळे ज्याला आयईपी म्हणतात तो, या अभ्यासक्रमाचा कणा समजला जातो. फाईल सुबक असते. तपासणी सूची भरलेली, दीर्घकालीन उद्दिष्टं, लघुकालीन उद्दिष्टं, सगळं जागच्या जागी. पण आराखड्याचा जीव त्याच्या फेरतपासणीत असतो. तीन महिन्यांनी उघडून पाहायचं: हे साधलं, हे साधलं नाही, हे उद्दिष्ट मुळात आपलंच चुकलं. अल्पकाळाच्या सरावात ही वेळच येत नाही, त्यामुळे आराखडा लिहायचा असतो आणि जमा करायचा असतो, एवढंच विद्यार्थ्यांच्या मनावर ठसतं. मग ‘भाषिक कौशल्ये विकसित होतील’ अशी वाक्यं एका फाईलीतून दुसऱ्या फाईलीत फिरत राहतात. जेवताना पाणी हवं असेल तर मुलगी बोट दाखवण्याऐवजी ‘पाणी’ म्हणेल, पाचपैकी तीन वेळा, असं लिहिणारा विद्यार्थी मला अधिक गुणांचा वाटतो. त्याचं अक्षर वाईट असलं तरी.

४. मोठ्या माणसांबरोबर काम करायला या शिक्षकाला कुणी शिकवत नाही, आणि केंद्रावर निम्मं काम मोठ्या माणसांचंच असतं.

दोनशिक्षकी शाळेत तो आठ-दहा दिवसांनी पोहोचतो. गुरुजींपुढे पहिली ते चौथी एकत्र, वर निपुणची चाचणी, यू-डायसची माहिती आणि खिचडीचा हिशेब. विशेष शिक्षक दारात दिसला की ‘तुमचं मूल तिकडे बसलंय’ म्हणून बोट दाखवलं जातं. मूल व्हरांड्यात येतं, तासभर मणी ओवतं आणि परत जातं. उरलेले आठ दिवस वर्गात त्याचं काय झालं, याचा पत्ता नाही. त्या मुलाला आठवडाभर शिकवणारे गुरुजीच आहेत. त्यांना न दुखावता, त्यांच्या वेळेचा मान ठेवून, ‘गणित हेच ठेवा, आकडे तेवढे लहान करा’ किंवा ‘याला उत्तर लिहिण्याऐवजी सांगू द्या’ एवढा एक बदल गळी उतरवणं हे कौशल्य आहे. त्यासाठी पाठ नाही, गुण नाहीत, निरीक्षक नाही.

पालकांचंही तसंच. ‘हा मोठा झाल्यावर बरा होईल ना?’ या आईच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? दिव्यांगत्वाच्या यूडीआयडी कार्डासाठी जिल्हा रुग्णालयात खेटे घालून कंटाळलेल्या बापाला पुन्हा कसं पाठवायचं? आणि दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेलं कुटुंब मुलाला बरोबर नेतं, तेव्हा त्याची फाईल बीडच्या शाळेत आणि मूल कोल्हापूरकडच्या फडावर. दोन्ही ठिकाणच्या विशेष शिक्षकांनी एकमेकांना शोधायचं कसं? शिकवायला हवं ते हे.

५. मेळघाटात घरी कोरकू, नंदुरबारला पावरी किंवा भिली, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया. अशा घरातलं मूल दुसरीत मराठी वाचत नसेल, तर ती अध्ययन अक्षमता की अजून न रुजलेली भाषा? पडताळणी सूची मराठीत, सूचना मराठीत, भरणाऱ्यालाही मराठीच येते. शिक्का चुकीचा बसला तर मूल आयुष्यभर तो वाहतं. उलट बाजूही तितकीच खरी: ‘आदिवासी आहे, म्हणून मागे’ असं म्हणून खरी अक्षमता नजरेआड होते. परीक्षांतल्या सवलतींचा विचार आपल्या राज्याने नव्वदच्या दशकातच केला, पण तपासणीची सोय मोठ्या शहरांच्या रुग्णालयांत एकवटली. निदान डोंगरी आणि आदिवासी जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी तरी घरच्या भाषेत मुलाचं ऐकून घेण्याचा सराव, त्या भाषेच्या माणसाला सोबत घेऊन, अभ्यासक्रमात बसवावा. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहायची गरज मला दिसत नाही.

६. नेहमीच्या बी.एड.चा कारभार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे, विशेषचा पुनर्वास परिषदेकडे. खाली राज्यात नेहमीच्या शाळा शालेय शिक्षण विभागाच्या, विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाच्या. नेहमीच्या बी.एड.ला समावेशित शाळेवर अर्धा पेपर आहे. एकाच विद्यापीठातले हे दोन प्रकारचे छात्राध्यापक दोन वर्षांत एकमेकांशी बोलतही नाहीत आणि नोकरीत मात्र एकाच मुलासाठी एकत्र काम करतील अशी अपेक्षा. उपाय स्वस्त आहे: सरावाला दोघांची जोडी एकाच शाळेत, एकाच वर्गावर पाठवा. पाठ दोघांचा मिळून, गुणही मिळून. चौथ्या मुद्द्यातलं ते न शिकवलं जाणारं कौशल्य तिथेच थोडंफार शिकून होईल.

७. शिकवणाऱ्यांचं काय? कंत्राटावर पंधरा-वीस वर्षं गावोगाव फिरलेल्या विशेष शिक्षकांना जे माहीत आहे, ते कुठल्याही पुस्तकात नाही. एम.एड. नसल्यामुळे त्यांना महाविद्यालयात शिकवता येत नाही. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी त्यांनाच पुन्हा चर्चासत्रांत बसून गुण गोळा करावे लागतात. त्यातले काही गुण नव्या छात्राध्यापकाला आपल्याबरोबर केंद्रावर फिरवल्याबद्दल द्यायला परिषदेची काय हरकत असावी?

८. ‘आधी पदं तर भरू द्या, प्रशिक्षणाचं नंतर बघू’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा वैताग रास्त आहे. रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली कान टोचले, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. २०२२च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे पहिली ते पाचवीत दिव्यांग दहा मुलांमागे आणि सहावी ते आठवीत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. केंद्राला एक या हिशेबाने आपण तिथवर पोहोचू असं समजण्याचं कारण नाही. पण संख्या अपुरी असेल, तर आहे त्या प्रत्येकावर जास्त मुलांचा आणि जास्त शाळांचा भार येणार, म्हणजे त्याची तयारी अधिकच नेमकी हवी.

‘काम करता करता शिकतात’ हा दुसरा आक्षेप. विशेष शाळेत शिकतात, कारण तिथे बघायला माणूस असतो. केंद्रावर नवा शिक्षक एकटा असतो. चूक झाली तर ती चूक आहे हे सांगणारंही कुणी नाही.

९. मागण्या कुणाकडे? पुनर्वास परिषदेकडे दोन: सरावाचा किमान एक तुकडा पूर्ण सत्राचा करा, आणि एका केंद्रावर अनुभवी विशेष शिक्षकाच्या सोबतीने फिरणं सक्तीचं करा. विद्यापीठांना मात्र तेवढी वाट पाहायला नको. अंतर्गत गुण कशाला द्यायचे, सराव कुठे करायचा, फाईलीत काय मागायचं, यातलं बरंच त्यांच्या अभ्यास मंडळांच्या हातात आहे. अधिसभेच्या पुढच्या बैठकीला कुणा सदस्याने एवढंच विचारावं: आपल्या विद्यापीठाच्या किती विशेष छात्राध्यापकांनी गेल्या वर्षी एखाद्या मुलाचा आराखडा तीन महिन्यांनंतर पुन्हा उघडून पाहिला? आणि राज्याकडे एक किरकोळ वाटेल अशी मागणी: केंद्रावर सरावाला जाणाऱ्यांना एसटीचा पास द्या. वाडीवरच्या शाळेत जाण्यायेण्याचा खर्च खिशातून करायचा म्हटलं, की सराव शहरातल्या जवळच्या विशेष शाळेतच उरकला जातो.