किडा मारायचा, की त्याची पंगत उठवायची?

हौसेने गोगलगायी पाळणारी माणसं आता आपल्या गोतावळ्यातही तीन-चार झाली आहेत. (माशांपेक्षा बऱ्या, असं त्यांचं सगळ्यांचं मत. काच स्वतःच पुसतात, भांडत नाहीत, आणि पाहुण्यांसमोर मरून पडत नाहीत.) या सगळ्यांचा कधी ना कधी येणारा प्रश्न एकच असतो. परवा भाच्याचाही तोच होता. "मामा, टाकीत पांढरे किडे झालेत. कुठलं औषध टाकू?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. कुठलंच नाही. आता तुम्ही म्हणाल, मग काय किडे बघत बसायचं? तर हो, आधी थोडं बघतच बसायचं. कारण किडा कोणता आहे हे कळल्याशिवाय त्याच्याशी भांडण कशाला?

दोऱ्यासारखे बारीक, पाण्यात वळवळत नागमोडी पोहणारे किडे असतील तर ते आपल्या गांडुळाचे लांबचे भाऊबंद. ते सडका पाला आणि उरलेलं अन्न खातात, गोगलगायीला हातही लावत नाहीत. काचेवरून सपाट चिकटून, न वळवळता घसरत जाणारा, डोकं बाणाच्या टोकासारखं आणि त्यावर दोन ठिपके असलेला प्राणी दिसला तर तो प्लॅनेरिया. हा मात्र थोडा आगाऊ. अंडी आणि नुकती जन्मलेली पिल्लं याच्या तावडीत सापडू शकतात. याला चिरडून किंवा कापून उपयोग नाही, तुकड्यांतून पुन्हा नवे प्लॅनेरिया तयार होतात! तिसरी जळू. तिला दोन्ही टोकांना चिकटायला चूषक असतात. ती चिमट्याने उचलून काढायची, बस्स.

आता औषधांकडे वळू. आमच्या घोटीत जनावरांच्या औषधांचं दुकान शोधावं लागत नाही. तिथे जंतांवर मिळणारं फेनबेंडाझोल प्लॅनेरियाला मारतं, हे खरं आहे. पण ते वाळूत दीर्घकाळ रेंगाळतं आणि काही जातींच्या गोगलगायींनाही सोसत नाही. सुपारीच्या अर्कापासून केलेली पावडर मिळते, तिचीही तीच गत. नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागेमुळे मोरचूद घराघरांत माहीत आहे, म्हणून कुणीतरी तेही सुचवतं. कृपा करून ऐकू नका. मोरचुदात तांबं असतं, आणि तांबं म्हणजे गोगलगायीला सरळ विष. गोगलगायी मारण्यासाठीच ते जगभर वापरलं गेलं आहे.

शिवाय समजा औषध अगदी बरोबर लागू पडलं. शेकडो किडे एका रात्रीत मेले. मग ते जाणार कुठे? तिथेच सडणार. पाण्यात अमोनिया वाढणार, प्राणवायू कमी होणार, आणि ज्या गोगलगायींसाठी हा खटाटोप केला त्याच तोंड उघडून तळाशी पडणार.

किडे मुळात आले कशामुळे? एखाद्या वनस्पतीबरोबर दोन-चार आले असतील, पण त्यांचे शेकडो झाले ते आपल्या वाढपामुळे. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करकरून वाढायची पद्धत आहे, तीच आपण टाकीतही चालवतो. उकडलेल्या दोडक्याची चकती दोन दिवस तशीच पडून राहते आणि तिच्यावर सगळा गाव जेवतो. तेव्हा पंगत उठवा. खाणं निम्मं करा, उरलेला तुकडा चार-सहा तासांत बाहेर काढा. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला आणि नळी वाळूत खुपसून तळातला गाळ ओढून घ्या. प्लॅनेरियासाठी एका छोट्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोकं पाडा, आत चिमूटभर सुकट घाला आणि रात्री दिवा बंद करून ती तळाशी ठेवा. सकाळी बाटली भरलेली मिळते. असं काही आठवडे करावं लागतं. किडे शून्यावर येत नाहीत, पण दिसेनासे होतात, आणि तेवढं पुरेसं आहे.

"औषधाशिवाय कुठे किडे जातात का?" असं म्हणणाऱ्यांना मी नारूची आठवण करून देतो. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला हा शब्द नीट माहीत होता. पायातून दोरीसारखा बाहेर येणारा, काडीवर हळूहळू गुंडाळून काढायचा तो जंत. त्याच्यावर ना लस होती, ना तो मारणारं खात्रीचं औषध. तरीही तो आपल्या देशातून गेला. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. हे कसं झालं? नारूची पिल्लं पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या इवल्या जीवाच्या पोटात वाढतात आणि त्या पाण्याबरोबर आपल्या पोटात जातात. म्हणून पाणी फडक्याने गाळून प्यायचं, नारू झालेला पाय विहिरीत बुडवायचा नाही, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करायच्या. सायक्लॉप्स मारायला पाण्यात औषधही टाकलं गेलं, पण मुख्य काम केलं ते साखळी तोडण्याने. एवढा मोठा शत्रू जर फडक्याने हरतो, तर टाकीतल्या गांडुळाच्या भावकीची काय कथा!

असो. खरं तर मला ज्याची काळजी वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. किड्यांना कंटाळलेला माणूस शेवटी काय करतो? टाकी उचलतो आणि ओढ्यात रिकामी करतो. पाणी, वनस्पती, गोगलगायी, सगळंच. "जीव आहे, मारायचा कशाला, सोडून दिला," असं वर पुण्याचं काम केल्यासारखं सांगतो.

१८४७ साली बेन्सन नावाच्या एका साहेबाने मॉरिशसहून आणलेल्या आफ्रिकन गोगलगायी कलकत्त्याच्या एका बागेत सोडल्या. साहेब गोगलगायींचा अभ्यासक होता, हौशी होता, आपल्यासारखाच. २०२२ च्या खरिपात लातूर-बीड-धाराशिवकडच्या शेतकऱ्यांचं कोवळं सोयाबीन ज्या शंखी गोगलगायींनी रातोरात फस्त केलं, त्या त्याच जातीच्या. पाण्यातलं उदाहरण हवं असेल तर दक्षिण अमेरिकेतली सोनेरी गोगलगाय घ्या. १९८० च्या सुमारास ती तैवानात खाण्यासाठी म्हणून आणली, पुढे फिलिपिन्समध्ये गेली आणि भाताच्या कोवळ्या रोपांवर तुटून पडली. दुकानात 'मिस्टरी स्नेल' म्हणून जी मिळते ती हिचीच जवळची नातेवाईक. आणि आमचा हा मुलूख भाताचा. आवणीच्या दिवसांत इथे नजर जाईल तिथे पाण्याने भरलेली खाचरं असतात आणि इथलं पाणी वाहत दारणेत, पुढे गोदावरीत जातं. गोदावरीत जलपर्णी आपण बघतोच. तीही फुलं सुंदर म्हणूनच परदेशातून इकडे आली होती.

तेव्हा टाकीचं पाणी कुंड्यांना घाला, झाडांना ते खतच आहे. औषध टाकूच नका, म्हणजे ते मोरीतून ओढ्यात जायचा प्रश्नच उरत नाही. काढून टाकायच्या वनस्पती उन्हात कडकडीत वाळवा. गोगलगायी नको झाल्या तर पाळणाऱ्या दुसऱ्या माणसाला द्या, नाहीतर दुकानदाराला परत करा. शेतातून, ओढ्यातून उचलून आणलेली गोगलगाय टाकीत नको आणि टाकीतली शेतात नको.

भाच्याला एवढं सगळं फोनवर सांगितलं नाही. "खायला निम्मं घाल आणि महिन्याने फोन कर," एवढंच म्हणालो. बाकीचं इथे लिहिलं आहे, त्याची आई वाचतेच.