विश्लेषण : मेयोनीजवर बंदी आली, पण हॉटेलच्या स्वयंपाकघराचे काय?

अन्नातून विषबाधेची मोठी घटना घडली, की एखाद्या पदार्थावर बंदी येते. मात्र धोका अनेकदा पदार्थापेक्षा तो कसा शिजवला, किती वेळ बाहेर राहिला आणि कोणत्या तापमानाला ठेवला यात असतो. हा धोका आधीच ओळखून रोखण्याची पद्धत अस्तित्वात आहे. ती काय आहे आणि घोडे कुठे अडते, याविषयी.

बंदी कशामुळे आली?

केरळमधील कासारगोड जिल्ह्यात मे २०२२ मध्ये शोरमा खाल्ल्यानंतर एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. रुग्णांच्या नमुन्यांत शिगेला जिवाणू आढळला. केरळने जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. मे २०२४ मध्ये मुंबईत मानखुर्द येथे शोरमा खाल्ल्यानंतर १९ वर्षांच्या तरुणाने जीव गमावला. हैदराबादमध्ये मोमो खाल्ल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलंगणाने आणि एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूनेही अशीच वर्षभराची बंदी लागू केली.

बंदी पुरेशी का नाही?

कच्च्या अंड्यातून साल्मोनेला पसरू शकतो, त्यामुळे बंदीला शास्त्रीय आधार आहे. पण मेयोनीज गेले तरी तोच फ्रिज, तीच सुरी आणि तेच हात राहतात. साध्या भाताचेच पाहा. तांदळातील बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही टिकतात. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला, की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष कढईत परतून किंवा पुन्हा गरम करून नष्ट होत नाही. शिवाय अशा भाताला वास येईलच असे नाही. म्हणजे ‘वास घेऊन बघ’ ही स्वयंपाकघरातील सर्वात जुनी चाचणी इथे कुचकामी ठरते.

‘एचएसीसीपी’ म्हणजे काय?

धोक्यांचे विश्लेषण करून निर्णायक टप्प्यांवर नियंत्रण ठेवण्याची ही पद्धत. १९६० च्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांचे अन्न तयार करताना ती विकसित झाली. तयार पाकिटे तपासून सुरक्षिततेची खात्री देता येत नव्हती, कारण तपासलेले पाकीट खाण्यासाठी उरत नाही. म्हणून तपासणी शेवटी न करता प्रत्येक टप्प्यावर आणली गेली.

पद्धतीची सात तत्त्वे आहेत : धोके ओळखणे, निर्णायक टप्पे ठरवणे, प्रत्येक टप्प्याची मर्यादा आखणे, देखरेख ठेवणे, चूक झाल्यास करायची कृती आधीच ठरवणे, पद्धत चालते का याची पडताळणी करणे आणि नोंदी ठेवणे.

मर्यादा कोणत्या?

जिवाणू झपाट्याने वाढतात ते साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात. ‘एफएसएसएआय’च्या तपासणी सूचीनुसार मांसाहारी पदार्थ आतपर्यंत ७५ अंशांना १५ सेकंद किंवा ७० अंशांना दोन मिनिटे शिजायला हवा. शिजवलेले अन्न फ्रिजमध्ये ठेवायचे असेल, तर ते दोन तासांत ६० वरून २१ अंशांवर आणि पुढच्या दोन तासांत ५ अंशांवर यावे लागते. मोठे पातेले तसेच फ्रिजमध्ये ठेवले, तर मधला भाग बराच वेळ कोमट राहतो. उथळ ट्रेमध्ये पसरवले, तर ते लवकर थंड होते. यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. अन्नात खुपसायचा थर्मामीटर, काही ट्रे आणि एक वही पुरते.

कायदा काय सांगतो?

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे. परवान्याविषयीच्या २०११ च्या नियमांतील अनुसूची ४ मध्ये स्वच्छतेच्या अटी आहेत. दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक असावा, अशी अपेक्षा आहे. अस्वच्छ परिस्थितीत अन्न बनवल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

मग अडते कुठे?

नमुना मिळाल्यापासून अहवाल देण्यासाठी अन्न विश्लेषकाला १४ दिवसांची मुदत असते. तोवर ते अन्न केव्हाच खाऊन झालेले असते. दंड आणि शिक्षाही घटनेनंतरच येतात. घटनेआधी काम करू शकते ती फक्त रोजची देखरेख. लहान हॉटेलांत जागा अपुरी असते, कामगार सतत बदलतात आणि ऐन गर्दीत तापमान मोजायला कुणाला सवड नसते. नोंदवही ठेवलीच, तर ती तपासणीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने भरण्याचा मोह होतो. अशी वही नसल्यापेक्षा धोकादायक, कारण ती खोटा दिलासा देते.

ग्राहकाच्या हातात काय?

१४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक दर्शनी भागात लावला आहे का, ते पाहावे. गरम म्हणून आलेला पदार्थ कोमट असेल, मांस आतून कच्चे असेल, तर परत करण्यात संकोच नको. तक्रार ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अ‍ॅपवर किंवा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. मात्र भात किती वेळ ओट्यावर होता, हे ग्राहकाला ताटाकडे पाहून कळणार नाही. ते फक्त स्वयंपाकघरातील माणसालाच ठाऊक असते. म्हणून पुढची बंदी जाहीर होईल तेव्हा, त्या स्वयंपाकघरात थर्मामीटर होता का आणि तो वापरला जात होता का, हे आधी विचारायला हवे.