राणी निघून गेल्यावरची झाशी

नांदगावच्या रुळांवरून पंजाब मेल रोज झाशीकडे जाते. त्या स्टेशनाचे नाव २०२२ पासून ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाशी’ झाले आहे. आपल्याकडच्या कुठल्याही शाळकरी मुलाला झाशी म्हटले की घोड्यावरची राणी आणि पाठीशी बांधलेले मूल आठवते. राणी किल्ला सोडून गेली, मग मागे राहिलेल्या शहराचे काय झाले? तेही एका मराठी माणसाने लिहून ठेवले आहे.

विष्णुभट गोडसे हे वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असे कळल्यावर काकांना घेऊन ते १८५७ मध्ये उत्तरेला निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. ३ एप्रिल १८५८ रोजी सर ह्यू रोझची फौज झाशी शहरात घुसली, तेव्हा हे काका-पुतणे आतच होते.

गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मधली ती पाने भराभर वाचताच येत नाहीत. गवताच्या गंजीत माणसे लपली, तर गंज्याच पेटवल्या. विहिरीत उतरलेल्यांची डोकी पाण्यावर आली की गोळी. लुटीलाही क्रम होता: आधी सोने-चांदी, मग तांब्यापितळेची भांडी, कापडचोपड, धान्य. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली. पिढ्यान्‌पिढ्या जमवलेल्या पोथ्या बाहेर भिरकावल्या गेल्या. भटजींचा जीव तिथे किती तुटला असेल, हे पोथीला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या घरात वाढलेल्यांना वेगळे सांगायला नको.

गोडसे सैनिक नव्हते, मुत्सद्दीही नव्हते. म्हणूनच त्यांची नजर घरात, परसात आणि विहिरीवर जाते. सेनापतींच्या खलित्यांत शहर ‘हस्तगत’ होते; शहर हस्तगत होताना घराघरांत काय घडते ते या भिक्षुकाकडून कळते.

मात्र हे पुस्तक हाती घेणाऱ्याने झोकनबागही वाचली पाहिजे. जून १८५७ मध्ये झाशीतच शरण आलेल्या इंग्रजांना, त्यांच्या बायकामुलांसकट, तिथे कापून काढले गेले. त्याचा सूड दहा महिन्यांनी उगवला गेला तो त्या हत्येशी काडीचा संबंध नसलेल्या विणकरांवर, दुकानदारांवर, भिक्षुकांवर. यातले एक पान झाकून दुसरे वाचणारा वाचक कुणाचाच राहत नाही, मेलेल्यांचा तर नाहीच.

चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून गोडसे यांनी ही हकीकत १८८३ च्या सुमारास लिहिली. वैद्यांनी ती १९०७ मध्ये छापली, पण बरीच काटछाट आणि फेरफार करून. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. वाचायची तर तीच.

१८८३ मध्येच नाशिक जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर निघाले; आपल्याकडच्या बंडाची हकीकत त्यात आहे. आपल्या शेजारच्या सिन्नर भागात भागोजी नाईक आणि त्यांच्या भिल्ल साथीदारांनी १८५७ च्या ऑक्टोबरात नांदूर शिंगोट्याजवळ लेफ्टनंट हेन्रीला ठार केले. नोव्हेंबर १८५९ मध्ये मिठसागरच्या चकमकीत भागोजी पडले. हा इतिहास आपल्याला मुख्यतः ज्यांनी ते बंड मोडले त्यांच्याच कागदांतून वाचावा लागतो. त्या वस्त्यांमधल्या बायकांनी, म्हाताऱ्यांनी ते दिवस कसे काढले, हे सांगायला त्यांच्यातला कुणी विष्णुभट लिहिता नव्हता. शाळेची दारेच बंद होती, तर लिहिणार कोण? ही खंत या दिवाळी अंकाच्या जुळणीत सतत सोबत राहिली.

म्हणून पुढच्या दिवाळीसाठी वाचकांना आत्ताच विनंती आहे. नांदगाव, मनमाड, येवला, सिन्नर या पट्ट्यात कुणाच्या घरी मोडीतले जुने कागद असतील, कुणाच्या आजीला भागोजींच्या काळातल्या ऐकीव गोष्टी ठाऊक असतील, तर कळवावे. कागद घरातून हलवायची गरज नाही. मोडी वाचणारी माणसे तिथे येऊन छायाचित्रे घेतील. आजीचे बोलणे तिच्याच बोलीत, शब्द न बदलता उतरवून छापले जाईल.