सुएझचा गाळ कोणी उपसला?

यंत्रे माणसाला निष्ठुर बनवितात, असे आपण पुष्कळदा ऐकतो. खंदक आणि कालवे खणणाऱ्या यंत्रांविषयी तर ही तक्रार हटकून होते. कारण जेथे शंभर मजूर पोट भरीत, तेथे एकच धूड येऊन उभे राहते. तक्रार अगदीच खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. परंतु सुएझ कालव्याचा इतिहास वाचला, म्हणजे तिची दुसरी बाजूही दिसू लागते.

भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र यांना जोडणाऱ्या या कालव्याचे काम फर्दिनां द लेसेप्स याच्या कंपनीने 1859 साली सुरू केले. इजिप्तच्या राज्यकर्त्याने गावोगावचे शेतकरी वेठीने धरून पाठविले. काम भरात असताना दरमहा सुमारे 20,000. मजुरी थोडीबहुत मिळे. पण येणे न येणे त्यांच्या हाती नव्हते. तितकेच लोक येण्याच्या वाटेवर आणि तितकेच परतीच्या वाटेवर असत. मग शेते कोणी कसावीत? हत्यारे म्हणजे कुदळी आणि टोपल्या. मन्झाला सरोवराच्या दलदलीत त्याही निरुपयोगी ठरल्या. तेथील कोळी चिखलाचा गोळा हातांनी उचलीत, छातीशी दाबून त्यातील पाणी पिळून काढीत आणि काठावर रचीत. मुलांनो, हे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणा.

गाळ उपसणारी यंत्रे त्या काळी नव्हती काय? होती. पण माणूस इतका स्वस्त मिळत असता यंत्रांवर पैसा कोण घालणार!

1863 साली इस्माईल पाशा गादीवर आला आणि त्याने ही वेठ बंद करण्याचे ठरविले. ब्रिटननेही तिच्याविरुद्ध ओरड चालविली होती. त्या ओरडीत निव्वळ दया होती, असे मात्र समजू नका. वाद फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्यापुढे गेला. 1864 साली त्याने निवाडा दिला, की वेठीचे मजूर गेल्याबद्दल इजिप्तने 3 कोटी 80 लाख फ्रँक भरपाई द्यावी. ती कोणाला? कंपनीला!

आता कंपनीला यंत्रांवाचून गत्यंतर उरले नाही. बोरेल आणि लाव्हाले या फ्रेंच अभियंत्यांनी वाफेवर चालणारी प्रचंड गाळयंत्रे आणविली. त्यांची रचना आपल्या रहाटगाडग्यासारखीच. तराफ्यावरून लोखंडी पोहऱ्यांची साखळी पाण्यात उतरे, तळाचा गाळ भरून वर येई आणि पन्हळीत ओती. ही पन्हळ सुमारे 70 मीटर लांब असे. तिच्यात पाणी सोडले, की गाळ वाहत थेट काठापलीकडे जाऊन पडे. कोरड्या भूमीवर तशीच यंत्रे रुळांवरून चालत. 17 नोव्हेंबर 1869 रोजी कालवा खुला झाला, तेव्हा 7 कोटी घनमीटरांहून अधिक माती निघाली होती आणि तिचा मोठा वाटा या यंत्रांनी काढला होता.

म्हणजे यंत्रे आली, ती बळजबरीची वाट बंद झाल्यावर. ज्यांनी चिखल छातीशी धरला, त्यांच्यासाठी ती चार वर्षे आधी का आली नाहीत, हा माझा प्रश्न आहे. आणि तो यंत्राला नव्हे, मालकाला आहे. मजुराची भाकरी जाऊ नये, ही चिंता योग्यच. पण त्यासाठी त्याच्या डोक्यावर पुन्हा टोपली देणे मला पटत नाही. त्याला यंत्र चालविण्याचे शिक्षण द्यावे.

सुएझमध्ये आजही गाळ काढावाच लागतो. मार्च 2021 मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे अजस्र जहाज तेथे आडवे रुतले, तेव्हा ‘मशहूर’ नावाच्या गाळनौकेने दातेरी चक्राने तळ पोखरून वाळू नळीवाटे शोषून घेतली. भरती आणि ओढनौका यांच्या साहाय्याने सहा दिवसांनी जहाज सुटले.