छपरावर सूर्य, घरात काळोख

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ गोमंतकीय अद्याप विसरलेले नाहीत. दि. १६ मे रोजी ते किनाऱ्याजवळून गेले, वृक्ष वीजतारांवर उन्मळून पडले आणि कित्येक गावांना विजेवाचून दिवस कंठावे लागले. राज्याला लागणारी जवळजवळ सर्व वीज बाहेरून येते. अशा स्थितीत लोकांचे लक्ष सौरविजेकडे वळावे हे स्वाभाविकच होय. तथापि छपरावर पॅनेल बसले म्हणजे काळोख संपला, हा समज भ्रामक आहे.

वीजजाळ्याला जोडलेला साधा सौरसंच बाहेरची वीज जाताच आपोआप बंद पडतो, मग आकाशात लख्ख ऊन का असेना! हा दोष नव्हे. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव सुरक्षित राहावा म्हणून केलेली ती योजना आहे. असा संच वीजबिल हलके करतो, वादळात दिवा लावीत नाही. केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट वा अधिक क्षमतेच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांचे साहाय्य ठरविले. परंतु त्याचे माप पॅनेलच्या किलोवॅटवर आहे. संकटकाळी कामास येते ती बॅटरीतील साठवण.

या साठवणीचा हिशेब कठीण नाही. तो विक्रेत्यावर सोडणे मात्र महागात पडते. एखाद्या घरात नऊ वॅटचे चार दिवे पाच तास, तीस वॅटचे दोन नव्या पद्धतीचे पंखे दहा तास, चार तास दूरदर्शन संच आणि मोबाइलचे चार्जिंग धरले, तर दिवसाला सुमारे एक युनिट लागते. इन्व्हर्टर, बॅटरी व तारांतील गळती लक्षात घेता पॅनेलकडून जवळपास दीड युनिट मिळावयास हवे. एप्रिलच्या उन्हात त्यासाठी अडीचशे वॅटचे पॅनेल पुरते. परंतु आपल्याकडे जुलैत ऊन निम्म्याच्या आसपास उतरते. तेव्हा चारशे वॅटही जेमतेम ठरतात. सलग दोन दिवस सूर्यदर्शन झाले नाही तरी घर उजळलेले हवे असेल, तर शिसे-आम्लाची बॅटरी सुमारे साडेचार युनिटांची लागते, कारण ती निम्म्याहून अधिक रिकामी करीत गेल्यास लवकर निकामी होते. लिथियम आयर्न फॉस्फेटची पावणेतीन युनिटांची पुरते. मात्र तिची खरेदी महाग.

म्हणून आरंभ बॅटरीपासून नव्हे, पंख्यापासून करावा. पंचाहत्तर वॅटचे जुने पंखे ठेवले तर याच घराची गरज जवळजवळ दुप्पट होते. मासळीसाठी फ्रीज जोडला तर त्यालाच दिवसाला सुमारे एक युनिट हवे. विहिरीचा पंप तर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचतो. त्याचा भार छोट्या इन्व्हर्टरवर टाकू नये. चवथीला, ऐन पावसाळ्यात, घर पाहुण्यांनी भरलेले असते. संचाची परीक्षा त्या दिवशी होते, एप्रिलच्या दुपारी नव्हे.

शासनाने यातून बोध घ्यावा. सत्तरी, सांगे, काणकोण येथील डोंगराळ वाड्यांना संच वाटून छायाचित्रे छापली की कर्तव्य संपत नाही. पाच-सात वर्षांनी बॅटरी थकेल, तेव्हा ती बदलण्याचा पैसा आजच बाजूला ठेवावयास हवा. प्रत्येक पंचायतीत दुरुस्ती जाणणारा एक तरुण तयार करावयास हवा. आरोग्यकेंद्रे आणि वादळातील आश्रयस्थाने म्हणून वापरावयाच्या शाळा यांना साठवणीसह संच प्रथम मिळावेत. तेथे लसींचा शीतकपाट आणि प्रसूतीच्या खोलीतील दिवा थांबू शकत नाहीत.

सूर्य फुकट मिळतो. रात्र फुकट उजळत नाही. तिचा हिशेब पाऊस येण्यापूर्वीच मांडलेला बरा.