भुकेल्याचा हक्क

देवळें, मशिदी, विद्यालयें, पूल व सराया यांसाठीं पूर्वजांनीं दिलेल्या जमिनींचें उत्पन्न त्याच कामीं लागावें, म्हणून कंपनी सरकारनें बंगाल इलाख्यांत १८१० सालीं १९ वा कायदा केला. हेतु चांगला होता. परंतु पुलाची काळजी घेणाऱ्या सरकारनें त्या पुलावरून जाणाऱ्या उपाशी माणसासाठीं कायदा केला नाहीं. इंग्लंडांत १६०१ पासून गरिबांच्या पोषणाचा कायदा होता. तो हिंदुस्थानांत आणला गेला नाहीं.

याचें फळ १८३७-३८ च्या दुष्काळांत दिसलें. गंगा-यमुनेच्या दुआबांत सुमारें आठ लक्ष माणसें मेलीं. धडधाकटांस सरकारनें कामें दिलीं. म्हातारे व आजारी यांस मात्र खासगी दानधर्मावर सोडलें. फुकट अन्नानें आळस वाढतो, असें कोणी म्हणतील. आम्ही विचारतों, ज्यास उभें राहवत नाहीं, त्यास आळशी कसें म्हणावें?

त्या दुष्काळानंतर गंगेचा कालवा हातीं घेण्यांत आला व १८५४ सालीं तो सुरू झाला, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. पण पाणी येईपर्यंत पोटानें कसें थांबावें?

आपल्या महाराष्ट्रानें १९७२ च्या दुष्काळांतून धडा घेऊन १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा केला आणि काम मागणें हा हक्क ठरविला. विद्यार्थिमित्रहो, ही वाट आम्हांस योग्य वाटते. मात्र ज्यांच्या हातांत बळ उरलें नाहीं, त्यांचा घांसहि कायद्यानेंच राखला पाहिजे. तो कोणाच्या मर्जीवर सोडूं नये.