मुतखड्याचे ऑपरेशन केले तर किडनी अधू होते का?



मुरबाड, शहापूर, भिवंडीकडची मंडळी डॉक्टरकडे आली की एक प्रश्न हमखास विचारतात. सोनोग्राफीत खडा दिसला, डॉक्टर ऑपरेशन सांगतात. पण गावातले जाणते म्हणतात, ‘किडनीला एकदा हत्यार लागले की ती कामातून गेली. पुन्हा ओझे उचलता येणार नाही.’ मग माणूस दुखणे अंगावर काढतो. ही भीती कुठून आली, तिच्यात खरे किती आणि खोटे किती, ते आज पाहू.

भीती अगदीच निराधार नाही. एके काळी मूत्रपिंडातला खडा काढायचा म्हणजे कुशीत वीतभर चीर द्यावी लागे. कधी बरगडीचा तुकडा काढून मूत्रपिंड उघडावे लागे. असा माणूस महिनोन् महिने वाकू शकत नसे आणि कूस कायमची सैल पडे. लोकांनी ते पाहिले आणि किडनी गेली असे धरले. पुष्कळदा अधू झालेली असे ती कुशीची स्नायूंची भिंत.

पुढे १९७६ साली स्वीडनमध्ये पाठीतून लहान भोक पाडून दुर्बिणीने खडा काढण्याची रीत प्रसिद्ध झाली. १९८० साली जर्मनीत म्युनिकला, बाहेरून धक्कालहरी देऊन शरीरातच खडा फोडण्याचा पहिला उपचार झाला. आता लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण घालून लेसरने खड्याचा चुराही करतात. मोठी चीर क्वचितच द्यावी लागते.

आता मूळ प्रश्न. मूत्रपिंड मुठीएवढे असते आणि प्रत्येकात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. पाठीतून दुर्बीण घालतात ते भोक फार तर करंगळीएवढे. ते बुजते आणि तिथे वण राहतो. पण सगळ्या मूत्रपिंडाच्या मानाने तो एक टक्काही नसतो. ऑपरेशननंतर काही दिवस रक्तातले क्रिएटिनीन थोडे वाढू शकते आणि बहुतेकांचे पुन्हा उतरते. धोका मुळीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. कधी रक्तस्राव होतो, कधी जंतू रक्तात पसरून थंडीताप येतो. मधुमेही, आधीच किडनी कमजोर असलेले, एकच किडनी असलेले आणि पुन्हा पुन्हा ऑपरेशन झालेले, यांना जास्त जपावे लागते. त्यांनी हे डॉक्टरला आधी सांगितलेच पाहिजे.

किडनीचा खरा वैरी असतो तो वाट अडवून बसलेला खडा. भाताच्या खाचराची मोरी बुजली की पाणी तुंबते आणि पीक कुजते, तसेच इथे होते. लघवी मागे तुंबते, मूत्रपिंड फुगते, त्याची साल पातळ होत जाते. आणि फसवणूक अशी, की वाट अडून बरेच दिवस झाले की कळ कमी होते. मूत्रपिंडाचे काम मंदावले म्हणजे आतला दाबही उतरतो. माणसाला वाटते खडा पडला. कळ थांबली म्हणजे खडा पडला असे समजू नये. पुन्हा सोनोग्राफी करूनच खात्री करावी.

कुत्र्यांवरच्या जुन्या प्रयोगांत असे दिसले, की वाट पूर्ण बंद करून दोन आठवड्यांनी मोकळी केली तर निम्म्याच्या आसपास काम परत येते. सहा आठवड्यांनी केली तर जवळजवळ काहीच येत नाही. माणसात वाट बहुधा अर्धवट अडते, म्हणून सवड थोडी जास्त मिळते. तरी मूत्रवाहिनीत अडकलेल्या खड्याची चार ते सहा आठवड्यांपलीकडे वाट पाहू नये. आपल्याकडे काय होते? जूनमध्ये खडा सापडतो. लावणी होऊ दे म्हणतात, मग गणपती येतात, मग कापणी-झोडणी. दिवाळीनंतर कल्याणला येतात तेव्हा साल कागदासारखी झालेली असते. मग ऑपरेशन होते, किडनी सुधारत नाही, आणि बोल लागतो तो ऑपरेशनला! वेळीच खडा निघाला तर किडनीचे काम बहुधा टिकते, पुष्कळदा सुधारतेही. पण मेलेला भाग परत येत नाही.

सगळ्याच खड्यांना ऑपरेशन लागते असेही नाही. चार-पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. दहाच्या पुढचा क्वचित पडतो. कुळथाचे कढण जरूर प्यावे, पोटात पाणी जाते. पण कॅल्शियमचा खडा त्याने विरघळत नाही. कळ आली की दुकानातून गोळी आणून गिळायची ही सवय मात्र वाईट. त्या गोळ्यांपैकी पुष्कळ किडनीवरच उठतात.

धुळ्याला १० डिसेंबर २००९ रोजी डॉ. आशिष रवंदळे-पाटील यांनी एका रुग्णाच्या डाव्या मूत्रपिंडातून १,७२,१५५ खडे काढले. त्याआधी १८ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबईत एकाच्या मूत्रपिंडातून तेरा सेंटिमीटर रुंदीचा खडा निघाला. दोन्हींची नोंद गिनेसच्या विक्रमांत झाली होती. डॉक्टरांचे कौशल्य मोठेच. पण माझ्या मते पाहण्यासारखे वेगळे आहे : एवढा ऐवज माणसाच्या कुशीत साठेपर्यंत तो चालत-बोलत असू शकतो.

म्हणून ऑपरेशनआधी किडनीची किंमत करून घ्यावी. नुसत्या रक्ततपासणीवर विसंबू नये, कारण एक किडनी बसली तरी दुसरी भार उचलते आणि क्रिएटिनीन बरोबर येते. खडा जुना असेल, साल पातळ दिसत असेल, तर डॉक्टरला ‘रीनल स्कॅन’विषयी विचारावे. त्यात कोणती किडनी किती वाटा उचलते ते कळते. वाटा दहा टक्क्यांच्याही खाली गेला असेल तर कधी कधी ती काढून टाकण्याचा सल्ला देतात. हा आकडा आधी हातात असला की पुढे वाद राहत नाही. ऑपरेशनच्या आधीची आणि नंतरची सोनोग्राफी जपून ठेवावी. ‘किडनी काढून घेतील’ अशी शंका असणाऱ्यांचेही तिने समाधान होते.

खड्याबरोबर थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी बंद झाली, तर त्याच दिवशी निघावे. रात्र काढू नये. अशा वेळी खडा नंतर काढतात, आधी नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी करतात.

पहिल्या तपासणीसाठी कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही पालिकेची रुग्णालये आहेत. पुढे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि लोकलने गाठता येणारी मुंबईची शीव व केईएम. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत खड्याच्या काही शस्त्रक्रिया बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे.

खडा गेला तरी खोड राहते. सुमारे निम्म्या लोकांना दहा वर्षांत पुन्हा खडा होतो. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी हवे. लघवीचा रंग भाताच्या पेंढ्याहून फिकट असावा. वीटभट्टीवर आणि उन्हात राबणाऱ्यांनी तर जास्तच प्यावे. हे लिहिताना संकोच वाटतो. भातसा, तानसाचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहतात. हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालणारी बाई स्वतः घोटभरच पिते, आणि उन्हाळी लागली म्हणून गप्प बसते. असो. मीठ, पापड, सुके मासे कमी करावेत. अळू-पालक बेताने. दूध मात्र बंद करू नये. जेवणातल्या कॅल्शियमने खडे वाढत नाहीत.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे. ऑपरेशननंतर पुष्कळदा मूत्रवाहिनीत ‘डी.जे. स्टेंट’ नावाची बारीक नळी ठेवतात. ती बाहेरून दिसत नाही. काही आठवड्यांत ती काढायची असते. टाके सुकले, कळ गेली, की माणूस शेतावर जातो आणि नळी विसरतो. वर्षभराने तिच्यावरच खड्याचे थर चढतात, वाट पुन्हा बुजते आणि वाचवलेली किडनी त्यातच जाते. घरी सोडतानाच ‘नळी ठेवली आहे का आणि कोणत्या तारखेला काढायची’ हे डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्यावे. घरी आल्यावर ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर तांबड्या शाईने लिहावी, आणि घरातल्या एकाला ती लक्षात ठेवण्याचे काम द्यावे. त्या दिवशी लावणी असली तरी जावे.